रॅम्बसची जकात

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणकाच्या रचनाकारांना एका विषमतेने पुरते हैराण केले होते. गणित करणारी चिप दरसाल अधिकाधिक चपळ होत चालली होती, परंतु तिला लागणारे आकडे ज्या मेमरीत ठेवलेले असत ती मेमरी त्या मानाने रखडत मागे राहिली होती. परिणामी, क्षणार्धात कोट्यवधी कामे उरकण्याचे सामर्थ्य अंगी असलेले यंत्र आपला बराचसा काळ आकड्यांची वाट पाहत तिष्ठत घालवी. या अडचणीवर उपाय म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क हॉरोविट्झ आणि त्यांचे सहकारी माइक फार्मवाल्ड यांनी १९९० साली कॅलिफोर्नियात रॅम्बस नावाची कंपनी काढली. या कंपनीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यापाशी कारखाना म्हणून नव्हताच. ती मेमरीचा आराखडा करी, त्याचे पेटंट घेई, आणि प्रत्यक्ष मेमरी बनविणाऱ्या जपानी, कोरियन व अमेरिकन कारखानदारांकडून विक्रीवर एक-दोन टक्के स्वामित्वधन वसूल करी. १९९६ च्या अखेरीस इंटेलसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या पुढील पिढीच्या यंत्रांसाठी हीच मेमरी पसंत केली, तेव्हा शेअरबाजाराने जे अनुमान काढावयाचे ते काढले. मे १९९७ मध्ये १२ डॉलर दराने विक्रीस आलेला समभाग जून २००० मध्ये, एकाचे चार भाग पाडल्यानंतरही, शंभर डॉलरांच्या पलीकडे गेला होता. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरला होता.

ज्या वादाची हकीकत मी येथे देत आहे तो नेमका या उताराच्या दिवसांत, डिसेंबर २००० मध्ये, कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे झाला. वादी आणि प्रतिवादी दोघेही मराठी. दादासाहेब उभी हयात मुंबईच्या हायकोर्टात दिवाणी दावे चालवून निवृत्तीनंतर मुलाकडे येऊन राहिलेले. विनायकराव त्यांच्या निम्म्या वयाचे, संगणकाच्या मदरबोर्डांची रचना करणाऱ्या एका कंपनीत अभियंता. एखाद्याची अपेक्षा अशी होईल, की नव्या तंत्राचा कैवार तरुण अभियंत्याने घ्यावा आणि वृद्ध वकिलाने सावधगिरीचा उपदेश करावा. प्रत्यक्षात प्रकार अगदी उलटा होता. विनायकरावांनी पहिल्याच विक्रीत घेतलेले समभाग आता फुंकून टाकण्याचा निश्चय केला होता, तर दादासाहेब ते घसरलेल्या भावाने घेण्यास उतावीळ झाले होते. माझ्यापाशी रॅम्बसचा एकही समभाग नसल्यामुळे निःपक्षपातीपणाचे श्रेय मला फुकटात मिळाले.

विनायकरावांनी बोलण्यापूर्वी पिशवीतून एक हिरवी पट्टी काढून चहाच्या कपाशेजारी ठेवली. लांबीरुंदीने ती मेमरीच्या पट्टीसारखीच होती, एका कडेला सोनेरी दातेही होते. परंतु तिच्यावर एकही चिप नव्हती, केवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या बारीक रेषा होत्या.

"दादासाहेब, ही हातात घेऊन पाहा," ते म्हणाले. "हिच्यात एक अक्षरही साठवता येत नाही, तरीही रॅम्बसची मेमरी घेणाऱ्याला हिच्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या मेमरीला चौसष्ट तारा असतात आणि पट्टी खोचण्याची प्रत्येक खाच स्वतंत्रपणे त्यांना जोडलेली असते. एखादी रिकामी राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही. रॅम्बसने तारा केल्या सोळाच, पण त्यांवरून सेकंदाला ऐंशी कोटी वेळा आकडे धाडावयाचे ठरविले, आणि एवढ्या वेगाने संकेत धावू लागला की तो टोकाला आपटून परत फिरू नये म्हणून त्याचा मार्ग एका खाचेतून दुसऱ्या खाचेत असा अखंड न्यावा लागतो. मध्ये कोठे खाच रिकामी राहिली की मार्ग खंडित होतो. इंटेलच्या परवाच निघालेल्या पेंटियम ४ च्या मदरबोर्डावर चार खाचा आहेत. त्यांतल्या दोन भरल्या, तर उरलेल्या दोहोंत ही बिनमेमरीची पट्टी खोचावी लागते. खऱ्या पट्टीवर तर उष्णता पसरवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे कवच चढवावे लागते. मी हे रोज हाताळतो, म्हणून सांगतो."

"वेग आहे की नाही, तेवढे सांग," दादासाहेब म्हणाले.

"आहे, नाकारीत नाही. रॅम्बसचा एक मार्ग सेकंदाला १६० कोटी बाइट वाहून नेतो, आणि जुनी १३३ मेगाहर्ट्झची मेमरी १०६ कोटी. पण मोठा लोंढा वाहून नेणे निराळे आणि मागितलेला पहिला आकडा तत्काळ हाती देणे निराळे. या दुसऱ्या कामात रॅम्बस मागे पडते, आणि घरातल्या, कचेरीतल्या नेहमीच्या कामांना हे दुसरेच अधिक जाणवते. त्यातच आता डीडीआर नावाची मेमरी येऊ घातली आहे. तिने नवे काही केलेले नाही. त्याच जुन्या चौसष्ट तारा ठेवल्या, आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांना आकडे धाडले. तेवढ्याने ती २१० कोटींवर पोचली. इंटेलने रॅम्बसचे दोन मार्ग एकत्र जोडून ३२० कोटी गाठले आहेत खरे, पण त्यासाठी पट्ट्याही जोडीनेच घ्याव्या लागतात."

दादासाहेबांनी ती हिरवी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि कपाशेजारी पूर्ववत ठेवली. "सोनीच्या प्लेस्टेशन २ मध्ये हीच मेमरी आहे. त्याआधी निंटेंडोच्या यंत्रातही होती. ती यंत्रे काय चालत नाहीत?"

"उत्तम चालतात. कारण तेथे चिपा मोजक्या, मंडलावर कायमच्या जडवलेल्या, आणि गिऱ्हाइकाने पुढे काही वाढवावयाचे नाही. तेथे रॅम्बसइतके योग्य दुसरे काही नव्हते. पण बाजार मोठा आहे तो मेजावरच्या संगणकाचा, आणि तेथे काय घडले ते पाहा. गेल्या वर्षी सप्टेंबरात इंटेलने ८२० नावाचा, मुख्य चिपला मेमरीशी जोडणारा चिपसेट बाजारात आणण्याचा मुहूर्त ठरवला, आणि ऐन वेळी ध्यानात आले, की तिन्ही खाचा भरल्या तर आकड्यांत चुका होतात. तिसरी खाच काढून टाकावी लागली! पुढे, महाग मेमरी कोणी घेईना म्हणून त्याच चिपसेटला जुनी मेमरी जोडता यावी यासाठी एक दुभाषी चिप मध्ये बसवली; तीही सदोष निघाली, आणि या मे महिन्यात लक्षावधी मदरबोर्ड बदलून देण्याची पाळी आली. ज्या कंपनीच्या शब्दावर तुम्ही पैसे लावणार, त्या इंटेलची ही अवस्था."

येथपर्यंत विनायकरावांची सरशी होती, असे माझे मत झाले होते. परंतु दादासाहेब मुळीच विचलित झालेले दिसेनात. प्रतिपक्षाचा साक्षीदार मनसोक्त बोलू द्यावा आणि मग त्याच्याच जबानीचा आधार घ्यावा, ही त्यांची कोर्टातली सवय असावी.

"विनायक, तू मला वस्तूचे दोष सांगतोस," ते सावकाश म्हणाले, "आणि ते खरे असतील, किंबहुना आहेतच, कारण तू त्यातला जाणकार आहेस. पण मी वस्तू कोठे विकत घेतो आहे? मी घेतो आहे सनद. या मंडळींनी एप्रिल १९९० मध्ये पेटंटचा जो अर्ज केला, त्या एका अर्जातून आज कितीतरी पेटंटे निघाली आहेत, आणि त्यांतली काही केवळ त्यांच्या मेमरीपुरती नाहीत. आता तूच म्हणालास ना, डीडीआर घड्याळाच्या दोन्ही कडांना आकडे धाडते म्हणून? रॅम्बसचे म्हणणे असे, की ही युक्ती आमची. जुन्या मेमरीतल्याही काही युक्त्या आमच्या. आणि हे नुसते म्हणणे नाही. तोशिबाने जूनमध्ये करार करून रक्कम मान्य केली, हिताचीवर दावा लावला होता तिनेही जूनमध्येच तडजोड केली, पाठोपाठ ओकी आणि एनईसी, आणि आता सॅमसंगही. डीडीआरवरचा दर तर रॅम्बसच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा अधिक ठेवला आहे! म्हणजे त्यांची मेमरी चालली तर त्यांना टक्का, आणि ती पडून दुसरी चालली तर अधिक टक्का. असा अशील मला वकिलीत एकही भेटला नाही."

"तुमचे हे शेवटचे वाक्यच मला भिववते," विनायकराव म्हणाले. "मेमरीचा धंदा कसा आहे ठाऊक आहे ना? माल एकाचा दुसऱ्यासारखा, गिऱ्हाईक फक्त भाव पाहणारा. एखादे वर्ष बरकतीचे, की त्या भरात सगळे नवे कारखाने काढतात, आणि पुढची वर्षे माल उत्पादनखर्चाच्या खाली विकण्यात जातात. अशा कारखानदाराला तुम्ही सांगता, की तपासणीची नवी उपकरणे घे, चिपचा आकार वाढल्यामुळे एका तबकडीतून नग कमी निघतील ते सोस, आणि एवढे करून विक्रीतला टक्का आम्हाला दे. त्याने का द्यावा? इंटेलने मायक्रॉनमध्ये ५० कोटी डॉलर घातले, सॅमसंगमध्ये १० कोटी घातले, कशासाठी? त्यांनी ही मेमरी बनवावी म्हणून. आज पेंटियम ४ च्या किरकोळ विक्रीच्या खोक्यात ६४ मेगाबाइटच्या दोन पट्ट्या इंटेल स्वतः घालून देते. जो माल बरोबर बांधून दिल्यावाचून खपत नाही, त्याला बाजारपेठ म्हणावयाचे काय?"

"इंटेलला त्यात स्वार्थ आहे. चिपसेटांपैकी वीस टक्के सलग दोन तिमाह्या रॅम्बसच्या मेमरीचे खपले, तर रॅम्बसचे, विभाजनापूर्वीच्या हिशेबाने, दहा लाख समभाग दहा डॉलर दराने घेण्याचा हक्क इंटेलला आहे. हे जाहीर कागदपत्रांत आहे."

"होय; आणि एवढा हक्क पदरी असूनही इंटेलच्या प्रमुखांनी, क्रेग बॅरेट यांनी, ऑक्टोबरात लंडनच्या फायनॅन्शियल टाइम्सला काय सांगितले, ते तुम्ही वाचले असेलच. रॅम्बसवर विसंबणे चुकले, अशी चक्क कबुली त्यांनी दिली; आणि वर असे म्हणाले, की नवे तंत्र शोधणारा भागीदार मिळाला अशी आमची समजूत होती, इतरांकडून टोल वसूल करणारा नव्हे. जकात, दादासाहेब! जकातीचा नाका एका रस्त्यावर असेल तर व्यापारी कुरकुरत का होईना पैसे भरतो, किंवा दुसऱ्या रस्त्याने जातो. पण तुमच्या अशिलाने सगळ्याच रस्त्यांवर नाके बसवले आहेत. मग व्यापाऱ्यांना एकमेकांशी भांडण्याचे कारण उरत नाही; सगळे मिळून नाकेदारावर चालून जातात. मायक्रॉन डेलावेअरच्या कोर्टात गेली, ह्युंदाई कॅलिफोर्नियात गेली, आणि इन्फिनिऑन रिचमंडला लढते आहे."

"सगळे मिळून," दादासाहेबांनी ते दोनच शब्द उचलले. "व्यापारी सगळे मिळून काही करू लागले, की कायद्याच्या राज्यात तोही कधी कधी अपराध होतो, हे ध्यानात ठेव."

हे वाक्य त्या वेळी मला निव्वळ वकिली चमत्कृतीचे वाटले होते. त्याची किंमत पुढे कळली.

विनायकरावांनी मग आपल्या भात्यातला, त्यांच्या मते सर्वांत तीक्ष्ण, बाण काढला. ते म्हणाले, "सनद म्हणता, पण ती मिळवली कशी? मेमरीची मानके ठरवणारी जेडेक नावाची कारखानदारांची संस्था आहे. ज्या मेमरीवर आज हे लोक हक्क सांगतात, तिचे मानक त्या संस्थेच्या बैठकांत ठरत होते, तेव्हा १९९२ पासून १९९६ पर्यंत रॅम्बस त्या संस्थेची सभासद होती. बैठकीस यायचे, ऐकायचे, अवाक्षर बोलायचे नाही, आणि घरी जाऊन आपल्या जुन्या अर्जातल्या मागण्या ऐकलेल्या गोष्टींना जुळतील अशा नव्याने लिहून काढायच्या! याला तुम्ही काय म्हणाल?"

"सभ्य म्हणणार नाही," दादासाहेब म्हणाले. "पण कोर्टात सभ्यतेचा दावा लागत नाही. त्या संस्थेचा नियम काय होता? मंजूर झालेली पेटंटे सांगावीत असा होता, की प्रलंबित अर्जही सांगावेत असा होता, की पुढे कधी तरी करण्याचा मनसुबा आहे तोही सांगावा असा होता? आणि तो लेखी होता की सर्वांनी गृहीत धरलेला? मौन हे जेव्हा बोलण्याचे कर्तव्य असते तेव्हाच लबाडी ठरते. ते कर्तव्य कोणत्या कलमाने येते, ते मला दाखव. न दाखवता आले तर मी समभाग घेतो."

"आणि ज्यूरीने कलम न पाहता तोंडे पाहिली तर?"

"तर अपील आहे."

"आणि अपिलाला किती वर्षे?"

यावर दादासाहेब हसले. दिवाणी दाव्यात किती वर्षे लागतात हा प्रश्न मुंबईच्या वकिलास विचारणे म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवणे होते.

वाद तेथेच थांबला. जानेवारीत विनायकरावांनी आपले समभाग विकले आणि दादासाहेबांनी, अर्थात बाजारातून, घेतले. मला त्या वेळीच असे वाटले होते आणि आजही वाटते, की ते दोघे एकाच कंपनीविषयी बोलत नव्हते. एका नावाखाली दोन निरनिराळे धंदे भागधारकांना विकले जात होते, एक मेमरीचा आणि दुसरा दाव्यांचा. बाजार त्यांचा भाव एकत्र लावीत होता, आणि गंमत अशी, की पहिला बुडाल्यावाचून दुसरा पुरता फळास येण्यासारखा नव्हता. कारखानदार जोवर रॅम्बसची मेमरी बनवीत आहेत तोवर त्यांच्याशी गोडी राखणे भाग होते; ती आशा मावळली की मग खुशाल फिर्यादी. सर्वसामान्य गुंतवणूकदारास हा भेद दिसत नव्हता, कारण त्याच्यापुढे येणाऱ्या अहवालांत वेगाचे आकडे आणि करारांच्या वार्ता एकाच उत्साहाने छापलेल्या असत.

वस्तूविषयी विनायकरावांचा अंदाज दोन वर्षांच्या आत खरा ठरला. २००१ साली इंटेलने पेंटियम ४ साठी जुन्या मेमरीवर चालणारा ८४५ चिपसेट आणला, पाठोपाठ त्यालाच डीडीआरची जोड मिळाली, आणि रॅम्बसची मेमरी मेजावरच्या संगणकातून हद्दपार झाली. अरुंद पण अतिवेगवान मार्गाची मूळ कल्पना मात्र सर्वस्वी चुकली होती असे मी म्हणणार नाही. तिची वेळ आणि तिचे घर चुकले. तरीही आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी जी एचबीएम नावाची मेमरी एवढी भाव खाऊन आहे, तिने नेमका विरुद्ध मार्ग धरला आहे: चिपांचे थर एकावर एक रचून प्रत्येक रचनेला सोळाऐवजी हजाराहून अधिक तारा, आणि प्रत्येक तारेवर बेताचा वेग. तिचे मानक २०१३ साली ठरले ते त्याच जेडेकमध्ये, आणि ती बनवतात ते सॅमसंग, मायक्रॉन आणि एसके हायनिक्स (पूर्वीची ह्युंदाई), म्हणजे नाकेदाराविरुद्ध उभे राहिलेल्या मंडळींपैकीच.

सनदेचे प्रकरण इतके सरळ गेले नाही. मे २००१ मध्ये रिचमंडच्या ज्यूरीने, विनायकरावांना भय होते त्याप्रमाणे, जेडेकमधील वर्तनाबद्दल रॅम्बसला फसवणुकीचे दोषी ठरवले आणि समभाग कोसळला. जानेवारी २००३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि तोही जवळजवळ दादासाहेबांच्याच युक्तिवादाने: संस्थेचा नियम इतका संदिग्ध, की त्यातून बोलण्याचे स्पष्ट कर्तव्य निघत नाही. मग 'सगळे मिळून' या शब्दांची पाळी आली. मेमरीचे भाव संगनमताने ठरवल्याचा गुन्हा अमेरिकन सरकारपुढे कबूल करून इन्फिनिऑनने २००४ मध्ये १६ कोटी डॉलर दंड भरला, २००५ मध्ये हायनिक्सने साडेअठरा कोटी आणि सॅमसंगने ३० कोटी. पुढे २०१० च्या प्रारंभी सॅमसंगने रॅम्बसशी ९० कोटी डॉलरांची तडजोड केली, तेव्हा दादासाहेबांनी विनायकरावांना मुद्दाम जेवावयास बोलावले.

परंतु मध्यंतरी एक गोष्ट उजेडात आली होती, जिने दादासाहेबांस भाव पडण्यापेक्षा अधिक दुःख दिले. दावे लावण्याची तयारी मनात घोळत असतानाच, सप्टेंबर १९९८ मध्ये, कंपनीने आपल्या माणसांना पोती वाटून जुनी कागदपत्रे नष्ट करण्याचा एक दिवस नेमला होता. याच कारणावरून २००९ मध्ये डेलावेअरच्या न्यायाधीशांनी संबंधित पेटंटे मायक्रॉनविरुद्ध अंमलात आणता येणार नाहीत असे ठरवले. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने हेच वर्तन दोषास्पद मानले नव्हते, आणि वरच्या कोर्टात या प्रकरणाची पुढेही बरीच खळखळ झाली. पण दादासाहेबांना ते पुरेसे नव्हते. "कागदावर हक्क सांगणाऱ्याने कागद फाडावा?" एवढेच ते म्हणाले, आणि त्या दिवशी समभागांचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

समभाग मात्र त्यांनी विकले नाहीत. शेवटचा मोठा दावा सॅन फ्रान्सिस्कोत मायक्रॉन व हायनिक्स यांच्यावर होता. रॅम्बसची मेमरी बाजारातून उठावी म्हणून या कारखानदारांनी संगनमत केले, असे त्यात कथन होते आणि मागणी जवळजवळ चार अब्ज डॉलरांची होती. ज्यूरी सुमारे दोन महिने विचार करीत बसली. १६ नोव्हेंबर २०११ रोजी तिने दावा फेटाळला, आणि त्या एका दिवसात समभागाची निम्म्याहून अधिक किंमत गेली. विनायकरावांनी सांत्वनासाठी दूरध्वनी केला. पलीकडे नव्वदीच्या घरातले दादासाहेब निकालाचा वृत्तांत वाचीत बसले होते. बारांपैकी नऊ जण विरुद्ध गेले एवढेच विनायकराव म्हणाले असतील नसतील, तोच दादासाहेबांनी त्यांना मध्येच अडवले: "आणि तिघे आपल्या बाजूचे होते, हे का सांगत नाहीस?"